स्वतंत्रपूर

स्वतंत्रपूर : सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळची कैद्यांची खुली वसाहत. आटपाडीचा मुलूख पूर्वी औंध संस्थानात मोडत असे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या वर्षी प्रजेच्या हाती कारभार सोपवला, त्याच १९३९ साली पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते व गांधीजींचे अनुयायी मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून संस्थानाने ही वसाहत वसवली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ती मुंबई राज्याकडे आली.

तट, गज व सशस्त्र पहारा यांपेक्षा कैद्याच्या शब्दावर जिथे भिस्त ठेवली जाते, त्या कारागृहाला खुले कारागृह म्हणतात. शिक्षेचा काही काळ चांगल्या वर्तणुकीने भोगलेल्या बंद्यांचीच तेथे निवड होते. स्वतंत्रपूरचे वेगळेपण असे, की येथे कैदी बायकामुलांसह राहतो, जमीन कसतो आणि स्वतःच्या कष्टावर घर चालवतो. एरवी दीर्घ शिक्षेच्या काळात शेत भावकीच्या ताब्यात जाते, मुले बापाला ओळखेनाशी होतात, गावात पत उरत नाही, आणि मग सुटकेनंतर मिळणारी मदत, जिला शासकीय परिभाषेत अनुरक्षण म्हणतात, ती अनेकदा फार उशिरा पोहोचते. संसार मोडू देऊन मग तो सांधण्यापेक्षा शिक्षा चालू असतानाच तो टिकवणे अधिक शहाणपणाचे आहे, हा या वसाहतीमागचा विचार आजही तितकाच मोलाचा आहे. येरवडा कारागृहात २०२२ मध्ये सुरू झालेली ‘जिव्हाळा’ कर्जयोजना याच विचाराशी नाते सांगते. बंद्याला कुटुंबाच्या गरजेसाठी ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते व ते त्याच्या तुरुंगातील मजुरीतून फेडले जाते.

स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाने प्रेरणा घेतली. त्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची असून ते स्वतः आटपाडीचा परिसर ज्यात मोडतो त्या माणदेशातले होते.

जिल्ह्याच्या ठिकाणी तरी खुली कारागृहे असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सुचवले होते. प्रत्यक्षात देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी हे खटल्याचा निकाल न लागलेले ‘कच्चे कैदी’ असून, खुल्या कारागृहाची वाट केवळ शिक्षा झालेल्यांसाठी असल्यामुळे ती त्यांना बंदच आहे.