मोकळ्या तासाची किंमत

चळवळीत आम्ही एक धडा शिकलो : एकाला कामातून मोकळीक मिळाली, की त्याच्या जागी कोण उभा राहणार आणि किती पगारावर, हे त्याच दिवशी विचारावे. इंग्लंडातील शाळांचा इतिहास हेच सांगतो.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात चालवली. १७९७ साली तिचे वर्णन लंडनमध्ये छापले गेले आणि ती तिकडे पसरली. १८४६ साली 'विद्यार्थी-शिक्षक' आले. तेराव्या वर्षापासून पाच वर्षांची उमेदवारी. स्वस्त हातांनी वर्ग सांभाळण्याची युक्ती अशी जुनीच आहे.

जानेवारी २००३ मध्ये सरकार, शाळांचे चालक व बहुतेक संघटना यांचा करार झाला. सप्टेंबर २००५ पासून पाठाची तयारी व वह्या तपासणे यांसाठी शिक्षकाला अध्यापनाच्या वेळातील निदान १० टक्के वेळ मोकळा मिळू लागला. विजय खराच! पण त्या तासाला वर्गावर कोण? करारात साहाय्यकांना वर्ग घेण्याची वाट होती. संपूर्ण वर्गापुढे शिक्षकच हवा, म्हणून नॅशनल युनियन ऑफ टीचर्सने सही नाकारली. साहाय्यकांचे सभासदत्व असलेल्या युनिसनने सही केली.

आम्हाला दोन्ही बाजू समजतात. शिक्षकाला वेळ हवाच; पण साहाय्यक बाई शिक्षकाचे काम करीत असेल, तर दामही त्या कामाचा हवा. नाहीतर एकाचा मोकळा तास दुसरीच्या पगारातून कापला जातो.