कुटिल नावाची लिपी नव्हती

ब्राह्मीपासून गुप्त, गुप्तपासून कुटिल आणि कुटिलपासून नागरी, ही वंशावळ लिपींच्या इतिहासावरच्या बऱ्याच पुस्तकांत असते आणि विद्यार्थी ती पाठ करतात. तिच्यातले ‘कुटिल’ हे लिपीचे जुने नाव नव्हेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

या नावाचा मुख्य आधार उत्तर प्रदेशातल्या पिलिभीत जिल्ह्यातली देवल प्रशस्ती. काळ विक्रम संवत 1049, म्हणजे इ.स. 992. तिच्या शेवटी लेखनिक आपली ओळख देतो : विष्णुहरीचा मुलगा, गौड करणिक, नाव तक्षादित्य आणि ‘कुटिल’ अक्षरांचा जाणकार. 1830 च्या दशकात जेम्स प्रिन्सेप यांनी या विशेषणाचे विशेषनाम केले. गौरीशंकर ओझांच्या ‘भारतीय प्राचीन लिपिमाला’मुळे ते रूढ झाले. पण या लिपीचा काळ ओझांनीच सहावे ते नववे शतक असा दिला आहे आणि तक्षादित्याचा लेख दहावे शतक सरतानाचा. ज्या लेखावरून नाव उचलले, तोच त्या नावाच्या कालमर्यादेबाहेर पडतो! गेओर्ग ब्यूलर यांनी 1896 मध्येच हे नाव चुकीच्या अर्थावर उभे असल्याचे सांगितले होते. ते पुरेसे ऐकले गेले नाही.

मग तक्षादित्याला म्हणायचे काय होते? कपटाचा अर्थही जुनाच, पण शब्दाच्या मुळाशी आहे तो बाक. पाणिनीच्या एका सूत्रानुसार (3.1.23) गतिवाचक धातूंना ‘यङ्’ प्रत्यय लागतो तो कौटिल्याच्या अर्थानेच, ‘चङ्क्रम्यते’ म्हणजे वळणे घेत चालतो. त्या चालण्यात लबाडी नाही. अमरकोशात कुटिल हा शब्द कुंचित, वेल्लित यांच्या पंक्तीला बसतो. संस्कृत कवी कुरळ्या बटांना कुटिल म्हणतात, हठयोगाचे ग्रंथ वेटोळे घातलेल्या कुंडलिनीला कुटिलांगी म्हणतात. आपण चांगल्या हस्ताक्षराला ‘वळणदार’ म्हणतो ना, तेच तक्षादित्य अभिमानाने स्वतःच्या अक्षराविषयी सांगतो आहे.

बिल्हणाच्या ‘विक्रमांकदेवचरिता’तले कायस्थ ‘कुटिललिपि’ आहेत, हा पुरावा पुढे केला जातो. तिथला रोख कायस्थांच्या वाकड्या लिखाणावर आहे, लिपीच्या जातीवर नाही. राहिला अक्षरांच्या घडणीचा मुद्दा. त्या काळच्या लेखांत उभा दंड खाली येऊन उजवीकडे वळतो, तिथे लघुकोन होतो. मात्रा शिरोभागावर लांबवर झोकात जातात. हे वर्णन खरे आहे. पण वर्णन म्हणजे नाव नव्हे.

नाव हवे असेल तर ते उपलब्ध आहे. इ.स. 1030 च्या सुमारास अल्-बिरूनी काश्मीर आणि वाराणसीकडच्या लिपीला सिद्धमातृका म्हणतो. जपानमधले बौद्ध ही अक्षरे आजही ‘शित्तान’, म्हणजे ‘सिद्धम्’, या नावाने लिहितात. ‘सिद्धम्’ हा मुळाक्षरे शिकण्याच्या आरंभीचा मंगलशब्द. आपल्याकडच्या जुन्या शाळांतही ‘ओं नमः सिद्धम्’ने आरंभ होई, त्याचेच ‘ओनामासी धं’ झाले आणि त्यातून ‘ओनामा’.

पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच : पुढच्या आवृत्तीत तिथे सिद्धमातृका छापा.