दासगाव ते चवदार तळं: एका दिवसाची पायी वाट

आजचा भाग ऐकायचा कमी आणि चालायचा जास्त आहे. बसल्याजागी वाचलात तरी चालेल, पण एखाद्या रविवारी हाच मजकूर फोनवर उघडून महाडात उतरलात तर जास्त मजा येईल.

माझ्या ऑफिसातले दोघेतिघे गेल्या काही वर्षांत इटलीला जाऊन आले. फ्लोरेन्समध्ये एक दिवस हाताशी असला की लोक काय करतात, तर कानात हेडफोन घालायचे, नकाशावर टिंबं टाकायची आणि निघायचं. या चौकात अमक्याला जाळलं, या पुलावर तमक्याची दुकानं होती. गाइड नको, बस नको. फोटो बघताना मला हेवा वाटला, आणि मग प्रश्न पडला की असं एका दिवसात पायी वाचता येईल असं गाव आपल्याकडे कुठलं? मी पोलादपूरचा. आमच्यासाठी महाड म्हणजे कॉलेज, बाजार, दवाखाना आणि पुढची एसटी पकडायचं ठिकाण. बाहेरच्यांसाठी महाड म्हणजे रायगडावर जाताना लागणारं गाव. सगळे इथून पुढे जातात. आज आपण इथेच थांबू.

सुरुवात महाडात करायची नाही. महाडच्या अलीकडे, मुंबईच्या दिशेला साधारण आठ किलोमीटरवर दासगाव आहे, तिथून करायची. कोकण रेल्वेने आलात तर वीर स्टेशनला उतरा, पोलादपूरकडून येणार असाल तर महाड ओलांडून पुढे या. आणि हो, पाण्याची बाटली भरून घ्या. आजच्या रस्त्यावर पाण्याचाच विषय आहे.

दासगाव का? कारण सावित्री. ही नदी महाबळेश्वरला उगम पावते, आमच्या पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून पार महाडपर्यंत चढतं, त्यामुळे समुद्रापासून इतकं आत असूनही महाड हे बंदर होतं. देशावरून घाट उतरून येणारा माल इथे होड्यांत चढायचा. मोठी गलबतं आणि नंतरच्या काळात आगबोटी दासगावला थांबायच्या. १७५६ साली इंग्रजांना पेशव्यांकडून बाणकोट मिळालं, त्यात दासगावही होतं. म्हणजे रायगडच्या परिसरात मराठी राज्य असताना, जवळच इंग्रजांचा झेंडा फडकत होता. शाळेच्या पुस्तकात हे मला कधी भेटलं नव्हतं.

आता तारीख लक्षात ठेवा, २५ डिसेंबर १९२७. त्या दिवशी दुपारी ‘पद्मावती’ नावाची बोट दासगाव बंदराला लागली. बोटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुंबईहून आलेले सत्याग्रही होते. रस्त्याने आले असते तर मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला असता, ही भीती होती. म्हणून समुद्रमार्ग. आणि बंदरापासून महाडपर्यंतचे पाच मैल लोक चालत गेले. आपण चालणार आहोत ती वाट हीच.

एक प्रामाणिक सूचना. आजचा मुंबई–गोवा हायवे चालायला सुखाचा नाही. ट्रक अंगावरून जातात, सावली नाही. दासगावात बंदराकडे फिरा, खाडी बघा, आणि मग गांधारपाल्यापर्यंत सरळ रिक्षा किंवा एसटी घ्या. इतिहासाच्या प्रेमापोटी हायवेच्या कडेने चालून कुणी शहाणा ठरत नाही.

महाड यायच्या आधी, हायवेला लागूनच पाले गाव आणि त्याच्यावर डोंगरात कोरलेली गांधारपाले लेणी आहेत. गांधारी नदी आणि पाले गाव, मिळून गांधारपाले. तीसेक बौद्ध लेणी आहेत, पायऱ्या चढून पंधरा-वीस मिनिटांत वर पोहोचता. बहुतेक लोक दरीकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि उतरतात. तुम्ही जरा थांबा. इथे ब्राह्मी लिपीत एक शिलालेख आहे, अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने, म्हणजे राजपुत्राने, काय काय दान दिलं त्याची ती यादी आहे. लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन बाजूंना पाण्याची दोन टाकी, आणि लेण्याला जोडणारी एक वाट.

पाणी आणि वाट. या खोऱ्यातल्या सगळ्यात जुन्या लिखित कागदांपैकी एक (कागद कसला, दगड) सांगतो की इथे येणाऱ्याला पाणी मिळावं आणि यायला रस्ता असावा म्हणून कुणीतरी पैसे खर्च केले. वरून खाली बघितलंत की नदीच्या वळणात बसलेलं महाड दिसतं. त्या महाडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काय परिस्थिती होती? बाजाराला, कोर्टाला, कचेरीला खेड्यापाड्यांतून जे अस्पृश्य मानलेले लोक यायचे त्यांना गावात घोटभर पाणी मिळायचं नाही. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे, इथलेच. शाळेची शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या शाळेत त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला होता. पुढे त्यांच्या पुढाकाराने महाडात एक चहाचं दुकान सुरू झालं, जिथे या लोकांना बसता येईल आणि पाणी पिता येईल. सत्याग्रहाची तयारी करणाऱ्यांत मोरे आघाडीवर होते. महाडचं नाव घेताना हे नाव फार कमी वेळा घेतलं जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

उतरा आता. गावात शिरा.

महाडची पेठ अरुंद आहे, जुन्या घरांचे लाकडी खांब अजून कुठेकुठे दिसतात. याच गावात १७९६ मध्ये नाना फडणवीस येऊन राहिले होते आणि १८०२ मध्ये होळकरांकडून हरल्यावर दुसरा बाजीराव पुण्याहून पळून इकडेच आला, मग इथून समुद्रमार्गे वसईला. पेशवाईच्या शेवटाची ती गोष्ट स्वतंत्र भागात करू, आज नको. आज पेठेतून एकच मोर्चा डोळ्यांसमोर आणायचा आहे.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो लोक आले होते. त्यांच्यासाठी पिण्याचं पाणी सवर्णांकडून ४० रुपयांना विकत घ्यावं लागलं. गावात तळं आहे, आणि पाणी विकत! दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, परिषद संपताना अनंतराव चित्र्यांनी सुचवलं की तळ्यावर जाऊ या. आणि लोक चार-चारच्या रांगेत शांतपणे महाडच्या रस्त्यांवरून निघाले.

इथे एक कायदेशीर गंमत समजून घ्या, कारण माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला ती फार ओळखीची वाटते. तळं त्यांना उघडं नव्हतं का? कागदावर होतं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं अस्पृश्यांना खुली असावीत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. तेव्हाच्या नगरपालिकेत सुरबानाना टिपणीस होते आणि ते या लढ्यात बरोबरीने उभे राहिले. थोडक्यात, परवानगी सिस्टीममध्ये नोंदलेली होती, पण तीन वर्षांत एकाही माणसाने लॉगिन केलेलं नव्हतं. करायला गेला तर काय होईल हे प्रत्येकाला माहीत होतं.

२० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, प्यायले, मग बाकीचे प्यायले. तेवढंच. नंतर गावात अफवा पसरली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. वीरेश्वर म्हणजे महाडचं ग्रामदैवत, महाशिवरात्रीला ज्याचा छबिना निघतो तो. जमावाने लाठ्याकाठ्या घेऊन परिषदेच्या मांडवावर आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. अनेक जण जखमी झाले, काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. मग तळ्यातून पाण्याच्या १०८ घागरी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही वापरून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

आता तळ्यावर या. चारही बाजूंनी रस्ते, रस्त्यापलीकडे घरं, पायऱ्या, मध्ये बाबासाहेबांचा पुतळा. हायकोर्टाच्या निकालपत्रातही तळ्याचं वर्णन असंच आहे: चार ते पाच एकरांचं, पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर भरणारं, भोवती नगरपालिकेचे रस्ते आणि त्यांच्या पलीकडे बहुतेक सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरं. निकालपत्र हातात धरून एखाद्या जागेचा फेरफटका मारता येतो हे मला महाडात कळलं. खरंच करून बघा. पायऱ्या मोजत एक फेरी मारा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

ही फेरी मारायला मी मुद्दाम सांगतोय. डिसेंबरात लोक पुन्हा आले ते तळ्याचं पाणी घ्यायलाच. पण १२ डिसेंबरला गावातल्या काही सवर्णांनी दावा लावला होता की तळं खाजगी आहे, आणि १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरच्या संध्याकाळी तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्ध्यांनी, जे स्वतः ब्राह्मण होते. त्या दहनाची आठवण सांगणारा क्रांतिस्तंभ महाडात आहे, कुणालाही विचारा, वाट दाखवतील.

मग पाण्याचं काय? मांडवात लोक पेटलेले होते, तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी थांबवलं. सरकारशी नाही, कोर्टात लढायचं ठरलं. आणि लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात न लावता. मार्चपेक्षा ही डिसेंबरची फेरी मला जास्त अवघड वाटते. सावित्रीच्या खाडीतून बोटीने यायचं, पाच मैल चालायचं, तळ्याच्या काठावरून पूर्ण चक्कर मारायची, आणि तहानेला थांब म्हणायचं. आपण हायवेवरच्या एका टपरीवर पाण्याची बाटली घेताना ब्रँड बघतो.

दावा चालत राहिला. मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. महाडच्या कोर्टात १९३१ ला निकाल बाबासाहेबांच्या बाजूने, ठाण्यात अपील, तेही १९३३ ला फेटाळलं, मग हायकोर्ट. वादींचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळापासूनची रूढी आहे. १७ मार्च १९३७ ला न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी अपील फेटाळलं. रूढी अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नव्हतं. ओंजळभर पाण्याला तीन दिवस कमी दहा वर्षं लागली.

२० मार्चला इथे आलात तर चालायला जागा मिळणार नाही इतकी गर्दी असते, तरीही या. त्या एका दिवशी शांतपणे पायऱ्या मोजायच्या नसतात. २०२७ च्या मार्चमध्ये शंभर वर्षं पूर्ण होतायत. एरवीच्या दिवशी संध्याकाळी चारनंतर या, ऊन उतरलेलं असतं, तळ्याकाठी म्हातारी माणसं बसलेली असतात.

पोलादपूरकडे परतणाऱ्यांनी जाताना सावित्रीच्या पुलावर लक्ष ठेवा. १९२८ चा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, दोन एसटी बसेस आणि गाड्यांसह. नवा पूल पुढच्याच जूनमध्ये खुला झाला. पावसाळ्यात हा फेरफटका करू नका, हे त्यासाठीच सांगतो. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पोलादपूरला पोहोचल्यावर दिवस शिल्लक असेल तर कवींद्र परमानंदांची समाधी बघून घ्या, शिवभारत लिहिणारे तेच.