पडद्यावरच्या चित्रांची बोली

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला मी उर्दूतून एक मजमून लिहायला दिला होता. विषय होता ‘माझा आवडता दोस्त’. वह्या तपासताना एका मुलाच्या वहीत समस्या, सहायता आणि आविष्कार हे तीन शब्द उर्दू लिपीत नीटनेटके लिहिलेले दिसले. मसला, मदद, ईजाद हे शब्द आम्ही पाचवीपासून शिकवतो. मी त्याला जवळ बोलावून विचारले, “बेटा, हे शब्द कुठून आणलेस?” तो सहज म्हणाला, “टीचर, डोरेमॉन असंच बोलतो ना!” सारा वर्ग हसला. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते उत्तर डोक्यातून गेले नाही.

हा मुलगा पुण्यातल्या कोंढव्यात राहतो. घरात दखनी बोलतो, शाळेत उर्दू लिहितो, रिक्षावाल्याशी आणि वाण्याशी मराठी बोलतो. टीव्हीपुढे बसला की जपानमध्ये काढलेली चित्रे हिंदीतून ऐकतो. चित्र परके, आवाज तिसऱ्याच भाषेचा आणि ऐकणारे पोर आपले! ही चित्रे आपल्या घरात आली कशी आणि कोणत्या भाषेचे बोट धरून आली, याचा इतिहास तपासून पाहावा असे वाटले. मी स्वतः या चित्रांची शौकीन आहे हेही आधीच कबूल करते.

जपानी चलतचित्रांना ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात. जपानमध्ये अशी पहिली चित्रे १९१७ साली लोकांसमोर आली. पण त्यांचा खरा विस्तार झाला तो टीव्हीमुळे. ओसामु तेझुका या चित्रकाराची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून दर आठवड्याला दाखवली जाऊ लागली. आठवड्याला अर्ध्या तासाचा मजकूर द्यायचा तर हजारो चित्रे काढणे परवडणारे नव्हते. तेझुकांनी चित्रांची संख्या कमी केली, काढलेली चित्रे पुन्हा पुन्हा वापरली आणि हालचालीची उणीव कथेने व आवाजाने भरून काढली. या काटकसरीतूनच अ‍ॅनिमेची स्वतःची शैली घडत गेली. ओठ थोडेच हलतात, त्यामुळे त्यावर दुसऱ्या भाषेचा आवाज चढवणेही सोपे जाते. पुढे ही चित्रे जगभर गेली, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता आपल्याकडे पाहू. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्यांना नाचवणारे ‘आगकाड्यांची मौज’ हे चित्र जपानच्याही आधी, १९१५ च्या सुमारास केले. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यात आली आणि १९३४ च्या सुमारास तिने ‘जंबूकाका’ हे छोटे व्यंगचित्र काढले. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या चलतचित्रांत त्याची गणना होते. या प्रभातच्या भागीदारांपैकी एक होते शेख फत्तेलाल, ज्यांना सारे ‘साहेबमामा’ म्हणत. कागलचा हा मुसलमान चित्रकार प्रभातच्या कलाविभागाचा प्राण होता. दामले यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. तुकोबांचे देहू पडद्यावर उभे करण्यात एका मुसलमानाचा हात होता, ही गोष्ट आपल्या मुलांना किती शाळांतून सांगितली जाते? प्रभातच्या त्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे चित्र हलवण्याची विद्या पुण्याला परकी नव्हती. परंतु तिची मराठी परंपरा काही वाढली नाही. मराठी मुलाच्या घरी रोज येणारे, मराठी बोलणारे चित्र त्यातून जन्मले नाही.

मग १९९३ साल उजाडले. त्याच्या आधीच्या डिसेंबरात काय घडले आणि जानेवारीत मुंबईत काय झाले, हे आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको. युगो साको या जपानी निर्मात्याने आपल्या राम मोहन यांना सोबत घेऊन रामायणावर एक देखणा चित्रपट नेमका याच काळात पूर्ण केला होता. वातावरण असे तापलेले, की त्या चित्रपटाला तेव्हा आपल्याकडे चित्रपटगृहे लाभली नाहीत. तो देशभर रीतसर प्रदर्शित झाला थेट जानेवारी २०२५ मध्ये. दोन देशांतले कलावंत एकत्र बसून कथा सांगतात आणि राजकारण ती तीस वर्षे पेटीत ठेवते, हेही आपल्या इतिहासातले एक पान आहे.

त्याच १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली आला. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची कथा, सिवनीचे जंगल आणि चित्रे निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेची. पण आपल्या लोकांना ते जपानी आहे असे कधी वाटलेच नाही. कारण त्याचे गाणे लिहिले होते उर्दूतले शायर गुलजार यांनी, चाल होती विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानाला आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनी. मी तेव्हा जेमतेम चार वर्षांची होते. आपा सांगते की शेरखान बोलू लागला की मी अम्मीच्या ओढणीत तोंड लपवायची. मला भीती चित्राची वाटत नसे, आवाजाची वाटे. चित्र कुणाचेही असो, ते ज्या भाषेत बोलते त्या भाषेचे होऊन जाते, हा मला इतिहासाचा पहिला धडा वाटतो.

पुढची दहा-बारा वर्षे केबलची होती. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आले. २००३ मध्ये त्यावर पोकेमॉन सुरू झाले. २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स ही फक्त अ‍ॅनिमे दाखवणारी वाहिनी भारतात आली. हंगामा वाहिनीवर २००५ मध्ये डोरेमॉन आणि २००६ मध्ये शिनचॅन अवतरले. अ‍ॅनिमॅक्सवरच्या मालिका बहुतेक इंग्रजीत असत. उर्दू माध्यमातल्या माझ्यासारख्या मुलीला त्यातले निम्मे कळत नसे. त्यात आमच्या घरी मगरिबची अजान झाली की अम्मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करी. चित्रे हलत राहत. मग मी आणि भाईजान दबक्या आवाजात आमच्या दखनीत त्यांचे संवाद म्हणत असू. तलवार घेऊन धावणारा जपानी योद्धा आमच्याकडे “ठैर जा रे, तेरेकू बताता!” म्हणायचा. नमाजला उभ्या राहिलेल्या अम्मीला ते ऐकू जायचे आणि सलाम फेरल्यावर आमचे कान पिळले जायचे.

या चित्रांविषयी आपल्या समाजात दोन प्रकारची भीती दिसते. एक मजहबी आणि दुसरी भाषिक. सौदी अरबस्तानात २००१ साली पोकेमॉनविरुद्ध फतवा निघाला. त्याच्या पत्त्यांचा खेळ जुगारासारखा आहे, असा मुख्य आक्षेप होता. बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉन बंद केला, कारण तिथली मुले बांगला सोडून हिंदी बोलू लागली होती. ज्या देशाचा जन्मच भाषेच्या लढ्यातून झाला, त्याला हे झोंबणारच. पाकिस्तानात २०१६ साली पंजाब प्रांताच्या विधानसभेत डोरेमॉनवर बंदीची मागणी करणारा ठराव दाखल झाला. मुले हिंदी शब्द बोलतात ही तिथल्या आईबापांची तक्रार त्याआधीपासूनच होती. म्हणजे माझ्या वर्गातल्या त्या वहीचा प्रश्न लाहोरातल्या एखाद्या शिक्षिकेलाही पडला असणार.

मात्र बंदी हा एकच मार्ग नव्हता, हेही इतिहासच सांगतो. १९७५ पासून लेबनॉन यादवी युद्धात होरपळत होता. त्या धामधुमीतही तिथल्या कलावंतांनी ‘ग्रेन्डायझर’ या जपानी मालिकेला अरबीचा आवाज दिला आणि १९७९ च्या सुमारास ती दाखवली जाऊ लागली. ही अरबी गल्लीतली नव्हती, फुसहा म्हणजे प्रमाण अरबी होती. बैरूतपासून कुवेतपर्यंत मुलांनी ती ऐकली. पुढे १९९२ मध्ये दमास्कसमध्ये ‘मरकज अल्-जुहरा’ ही आवाज चढवणारी संस्था निघाली आणि २००० मध्ये स्पेसटून ही वाहिनी आली. जपानचा फुटबॉलपटू त्सुबासा अरबीत ‘कॅप्टन माजिद’ झाला. तो इतका घरचा झाला, की २००४ साली इराकमधल्या समावा शहरात जपानी तुकडीच्या मदतीने पाणी वाटणाऱ्या टँकरवर त्याचीच चित्रे चिकटवण्यात आली. सैन्याच्या गणवेशाला घाबरणारी मुले माजिदला ओळखत होती.

आणि सौदीचे काय झाले? ज्या देशात २००१ मध्ये फतवा निघाला, तिथेच २०१७ मध्ये ‘मांगा प्रॉडक्शन्स’ ही संस्था स्थापन झाली. जपानच्या तोएई या जुन्या संस्थेबरोबर तिने ‘द जर्नी’ हा चित्रपट २०२१ मध्ये आणला. त्याचा विषय आहे हत्ती घेऊन काबेवर चालून आलेल्या अब्रहाची स्वारी. सूरह फील आपली मुले मदरशात पाच-सहा वर्षांच्या वयात पाठ करतात. ती कथा जपानी हाताने काढलेली आणि अरबीत बोलणारी! वीस वर्षांत भीतीची जागा निर्मितीने घेतली.

आता आपल्या शहराकडे वळते. टीव्हीचा जमाना ओसरून इंटरनेटचा आला. क्रंचीरोल ही कंपनी २००६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथे चाहत्यांनी परवानगीविना चढवलेल्या मालिकाच असत. २००९ पासून ती रीतसर परवान्याने चालू लागली. नेटफ्लिक्स २०१६ मध्ये भारतात आले. २०१७ मध्ये अ‍ॅनिमॅक्स वाहिनी आपल्याकडे बंद झाली. २०१९ मध्ये हजारो चाहत्यांनी सह्या करून मागणी केली, म्हणून माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ आपल्या चित्रपटगृहांत लागला. प्रेक्षक मागू लागला की व्यापारी ऐकतो, हे त्यातून सिद्ध झाले. त्यानंतर क्रंचीरोलने हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आवाज दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा चित्रपट देशभर गाजला, तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठी त्या यादीत नव्हती. काही बालवाहिन्यांनी मराठी आवाजाचे प्रयत्न केले आहेत, ते नाकारत नाही. पण मोठ्या पडद्यावर मराठीचे नाव नाही. मराठी माणसाला हिंदी कळते, मग वेगळा खर्च कशाला, असा व्यापाऱ्याचा हिशेब असावा. जो मागत नाही, त्याला कोण वाढणार?

२०११ साली दिल्लीत सुरू झालेला कॉमिक कॉनचा मेळा पुढे मुंबई-पुण्यातही भरू लागला. माझी भाची हिजाबावरच आपल्या आवडत्या पात्राचा पोशाख चढवून तिथे जायला निघाली, तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. अम्मीचा पहिला प्रश्न होता, “तिथं काय बोलतेत गे?” भाची म्हणाली, “इंग्लिश, नानी.” मला वाईट वाटले ते पोशाखाचे नाही. पुण्यात भरलेल्या मेळ्यात तिच्या नानीशी बोलणारे एकही चित्र नव्हते, याचे वाटले. तिकिटाचा आणि पोशाखाचा खर्च पाहता माझ्या वर्गातली बहुतेक मुले तिथे जाऊही शकणार नाहीत.

वास्तविक पुण्याइतके जपानी शिकलेले लोक देशात फार थोड्या शहरांत असतील. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकवली जाते. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभी आहे. जपानी जाणणारे आहेत, प्रभातच्या जागेवर चित्रपट शिकणारे आहेत, नाटकवाले आणि आवाजाचे कलावंत तर गल्लोगल्ली आहेत. तरीही थेट जपानीतून मराठीत बोलणारे चित्र मुलांच्या वाट्याला सहजी येत नाही. मराठी आमचीही भाषा आहे, हे आपण मुस्लिम मराठी लिहिणारे वर्षानुवर्षे सांगत आलो. पण ते पुस्तकांच्या पानावर सांगितले. पोर पान उघडण्याआधी पडदा उघडते, तिथे आपण पोचलोच नाही.

मी मोठे काही करू शकत नाही. पण त्या वहीनंतर दर शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात एक खेळ सुरू केला आहे. चित्राची दोन मिनिटे आवाज बंद करून दाखवते आणि मुलांनी त्याला आवाज द्यायचा. एक गट उर्दूत, एक मराठीत आणि एक घरच्या दखनीत. पहिल्या शनिवारी मराठी गट गप्प बसला. व्याकरण चुकेल अशी भीती होती. चौथ्या शनिवारी ‘समस्या’ लिहिणारा तोच मुलगा उठला आणि रडणाऱ्या नोबिताला मराठीत म्हणाला, “रडतोस काय, चल, माझ्या खिशात बघू काहीतरी!” मुलांनी बाके बडवली. शेजारच्या वर्गातल्या सरांनी दारातून डोकावून विचारले, “काय चाललंय?” मी म्हटले, “मराठीचा तास आहे, सर.”