वाचनगट, भाषाशिक्षकांचे
भाषा शिकविणाऱ्या अध्यापकांनी भाषाविज्ञान व भाषाध्यापन या विषयांवरील संशोधनपर लेखन ठराविक काळाने एकत्र वाचून त्याची चिकित्सा करण्यासाठी चालविलेला लहान, बहुधा स्वयंप्रेरित गट. या प्रथेचे मूळ वैद्यकशिक्षणात असून, विल्यम ऑस्लर यांनी १८७५ मध्ये माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात महागडी नियतकालिके सामाईकपणे मिळविण्यासाठी काढलेले मंडळ हा तिचा नेहमी दिला जाणारा दाखला होय. भाषाध्यापनात तिला आधार मिळाला तो ‘इएलटी जर्नल’ (१९४६) आणि ‘टेसोल क्वार्टर्ली’ (१९६७) यांसारख्या नियतकालिकांमुळे. मराठीत अशा वाचनास ‘भाषा आणि जीवन’ हे मराठी अभ्यास परिषदेचे त्रैमासिक उपयोगी पडते.

सदस्य लेख आधी वाचून येतात. एक जण त्यातील संशोधनप्रश्न, पद्धती व निष्कर्ष मांडतो आणि चर्चा मुख्यतः त्या निष्कर्षांच्या व्याप्तीवर केंद्रित होते, कारण परदेशातील प्रौढ, एकभाषिक विद्यार्थ्यांविषयीचे अनुमान घरी अहिराणी वा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या मराठी वर्गास जसेच्या तसे लागू करता येत नाही (पहा : बहुभाषिकता). प्रशिक्षणवर्गात आशय वरून ठरतो, वाचनगटात तो सदस्य ठरवितात, त्यामुळे वाचलेल्या कल्पनेची स्वतःच्या वर्गात पडताळणी करणाऱ्या कृतिसंशोधनाशी, म्हणजे शिक्षकाने आपल्याच अध्यापनाच्या केलेल्या पद्धतशीर अभ्यासाशी, त्याचा निकटचा संबंध येतो (पहा : कृतिसंशोधन, शिक्षक-प्रशिक्षण). वेळेचा अभाव, लेखांचे शुल्क आणि संशोधनाची प्रामुख्याने इंग्रजी भाषा या त्याच्या मर्यादा होत.