छपराखालचा ग्रंथ आणि पदपथावरचा ग्रंथ

सातोशी यागिसावा यांची मोरिसाकी नावाच्या पुस्तकाच्या दुकानातील दिवसांवरची छोटी जपानी कादंबरी २०१० मधली. २०२३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद झाला आणि ती आपल्याकडील वाचकांपर्यंत पोहोचली. प्रेमात फसलेली, नोकरी सोडलेली ताकाको सातोरू या आप्ताच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानावरील खोलीत राहावयास येते आणि वाचनाची गोडी नसलेली ही मुलगी हळूहळू पुस्तकांत रमते. कथा इतकीच. समीक्षक तिला ग्रंथप्रेमाची प्रसन्न कथा म्हणून वाखाणतात व थांबतात. ते प्रेम ज्या भूमीवर वाढले तिचा विचार मात्र क्वचितच होतो.

ती भूमी म्हणजे टोकिओमधील जिम्बोचो. याच भागात १९१३ साली इवानामी शिगेओ याने जुन्या पुस्तकांचे दुकान काढले. पुढल्याच वर्षी त्याने सोसेकीची ‘कोकोरो’ प्रसिद्ध केली. जुन्या ग्रंथांच्या विक्रीतून प्रकाशनसंस्था उभी राहावी, ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नव्हे. सातोरूचे दुकानही त्याला वाडवडिलांकडून आलेले आहे. ताकाकोला वर निजावयास खोली मिळते, ती दुकानाला छप्पर आहे म्हणून.

आता दिल्लीकडे पाहावे. १९५१ साली युनेस्कोच्या साहाय्याने पंडित नेहरूंच्या हस्ते दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय उघडले गेले. वाचकाला पुस्तक विनामूल्य मिळावे हा त्यामागील हेतू थोरच होता. परंतु पुस्तक स्वतःचे असावे ही तहान ग्रंथालय भागवीत नाही. ती भागविली दर्यागंजच्या रविवारच्या बाजाराने. आठवड्याच्या सुटीमुळे दुकाने बंद असत आणि त्यांच्या पुढील पदपथावर पुस्तके पसरली जात. परीक्षेची मार्गदर्शके, परदेशी कादंबऱ्या, मोडक्या संचांतील एखादा खंड, सगळे एकाच चादरीवर. काही विक्रेते तर पुस्तके किलोच्या भावाने तोलून देत. ग्रंथाचे मोल तराजूने ठरावे याचे अभिजनांस वैषम्य वाटेल. मला ते वाटत नाही. तुटपुंज्या मिळकतीच्या विद्यार्थ्याला याच तराजूने ग्रंथस्वामी केले.

जुलै २०१९ मध्ये वाहतुकीच्या अडथळ्याचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आला आणि नेताजी सुभाष मार्गावरील हा बाजार बंद झाला. पादचाऱ्यास वाट हवी, हे न्यायालयाचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. पण पदपथावरील विक्रेत्याचा सारा व्यापार त्या पादचाऱ्याच्या अवचित थबकण्यावरच चाले. वाट मोकळी झाली, तसे थबकणेही गेले. मुंबईत फोर्टच्या पदपथांवर पुस्तके चाळलेल्या वाचकास हे निराळे समजावून सांगावयास नको.

ताकाकोच्या हाती पहिले पुस्तक येते तेही सहजगत्या, निजण्यापूर्वीच्या रिकामेपणात. कादंबरीतील हा योगायोग कोणास कृत्रिम वाटल्यास त्याने दर्यागंजच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विक्रेत्यांना असफअली मार्गावरील महिला हाट या कुंपणाच्या आवारात जागा देण्यात आली. तेथे जाणारा मनुष्य पुस्तक घेण्याचे ठरवूनच जातो.