कारकुनाचा हात आणि डॉक्टरांचा संशय

पादुआचा वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने 1713 साली कामकऱ्यांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाची वाढीव आवृत्ती काढली आणि तीत लेखनिकांवर स्वतंत्र मजकूर घातला. त्यांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने सांगितली : तासन्‌तास बसणे, हाताची एकाच दिशेने चाललेली अखंड हालचाल, आणि हिशेबात चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये याची डोक्याला लागलेली काळजी. त्याच्या माहितीतल्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला होता. तो गडी हिकमती निघाला, डाव्या हाताने लिहायला शिकला. पण पुढे डाव्याचीही तीच गत झाली. सव्वाशे वर्षांनी स्टीलचे टाक, नस आणि शीर यांना दोष देणाऱ्या डॉक्टरांनी हा लेखनिक आठवायला हवा होता. त्याच्या डाव्या हाताचे स्नायू काही आयुष्यभर झिजलेले नव्हते.

लिहायला बसले की बोटे आखडतात, मनगट वाकडे होते, हात थरथरतो आणि अक्षर नागमोडी उमटते. याला डॉक्टर ‘रायटर्स क्रॅम्प’ म्हणतात. विकाराचे मूळ मनगटात किंवा बोटांत नाही, याचा पुरावा डॉक्टरांपुढे पहिल्यापासून होता, आणि तो त्यांनी उलटा वाचला, असे मला वाटते. चार्ल्स बेल या शल्यवैद्याने 1830 च्या सुमारास लिहिले, की अशा रुग्णाची लिहिण्याची हालचाल तेवढी बिघडते, अक्षरे वेडीवाकडी येतात, पण तोच हात जोराने फिरवता येतो, त्याच हाताने तलवारीचे हातही करता येतात. शर्टाचे बटण लागते, घास तोंडाशी नीट जातो, सही मात्र होत नाही. अशक्तपणा किंवा स्नायूची इजा असती तर ती काम बघून आली नसती. एकाच कामापुरता बिघाड याचा सरळ अर्थ, ते काम जिथे घडवले जाते तिथे, म्हणजे मेंदूत, काहीतरी बिनसले आहे. पण हाच बिघाड पुढे शंभर वर्षे संशयाचे कारण ठरला : बाकी सगळे जमते, मग लिहितानाच कसे अडते?

संशय येण्याआधी औजारावर खापर फुटले. 1820 नंतर बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून स्टीलच्या टाकांचा पूर आला, कचेऱ्या वाढल्या, नकलनविसांची फौज उभी राहिली; पिसाची मऊ लेखणी गेली म्हणून हात गेला, हे निदान सोपे होते. ते पुरेसे नव्हते, कारण रामाझ्झिनीच्या काळी स्टीलचे टाक कचेऱ्यांत नव्हतेच. जर्मनीत काही शल्यवैद्यांनी स्नायूबंध कापून पाहिले, बहुतेकांच्या पदरी निराशाच आली. नाव झाले ते फ्रँकफुर्टच्या युलिउस वोल्फ नावाच्या सुलेखन-शिक्षकाचे. मालिश, हाताचे व्यायाम आणि नव्याने अक्षरे गिरवणे हा त्याचा उपचार, आणि शार्को, बिलरोट यांच्यासारख्या बड्या डॉक्टरांनी त्याची शिफारस केली. पदवी नसलेल्या माणसाने स्नायूपेक्षा सवय दुरुस्त करायला घेतली, हे त्याच्या यशाचे मर्म असावे. लंडनच्या डॉ. विल्यम गॉवर्सनेही 1888 च्या आपल्या ग्रंथात लिहिण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले : मनगट टेकवून बोटांनी लिहिणारे अडचणीत येतात, खांद्यापासून हात चालवणारे वाचतात. बिघाड मेंदूतल्या केंद्रांत असावा, असा त्याचा कयासही होता. तो दाखवायला साधन नव्हते, एवढेच.

मग तारखात्याने प्रश्न चिघळवला. मोर्स कीवर दिवसभर बोट आपटणाऱ्या तारमास्तरांचाही हात अडू लागला. ब्रिटनने 1908 मध्ये हा विकार भरपाईच्या यादीत घातला आणि डॉक्टरांवर जबाबदारी पडली : खरा रोगी कोण, सोंगाड्या कोण? 1911 च्या सरकारी समितीने दोन कारणे दिली, कामाचा पुन्हा पुन्हा येणारा थकवा आणि माणसाची मज्जागत अस्थिरता. पैशाचा संबंध आला की दुसऱ्या कारणाचे वजन आपोआप वाढते. 1927 च्या एका अहवालाचा रोख तारमास्तरांच्या मनोविकारांकडे होता. 1955 मध्ये तर इंग्लंडमध्ये विजेच्या झटक्यांनी उपचार झाले. धातूच्या पाटीवर लहान-लहान होत जाणारी भोके; रुग्णाने त्यांत धातूची कांडी घालायची, हात थरथरून ती कडेला लागली की दुसऱ्या हाताला झटका. थरथर ही वाईट सवय आहे, तेव्हा शिक्षेने सुटेल, हे त्यामागचे गृहीत.

रुग्ण खरोखरच चिंताग्रस्त असत, असा आक्षेप येईल. असतीलही, लिहिण्यावर पोट असलेल्याचा हात अडला तर झोप उडणारच. पण चिंता हे कारण असते तर या लोकांत मानसिक विकार इतरांपेक्षा जास्त दिसायला हवे होते. 1982 मध्ये शीही आणि मार्सडेन या डॉक्टरांनी लंडनमध्ये रुग्ण तपासले, तेव्हा तसे आढळले नाही. मेंदूकडून स्नायूंना चुकीचे आदेश जाण्याच्या ‘डिस्टोनिया’ या विकाराचा हा एक मर्यादित प्रकार आहे, असे त्यांनी मांडले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मेंदूत दोष म्हटल्यावर कामाची जबाबदारी सुटते का? नाही. 1996 मध्ये माकडांना हाताची एकच हालचाल झपाट्याने शेकडो वेळा करायला लावली, तेव्हा त्यांच्या मेंदूतला हाताचा नकाशा विसकटला, बोटाबोटांमधल्या सीमा पुसट झाल्या. एकाच हालचालीला दोष देणारा रामाझ्झिनी फार चुकला नव्हता.

आज डॉक्टर आधी प्रकार ठरवतो. चहाचा कप उचलतानाही हात कापत असेल तर तो बहुधा इसेन्शियल ट्रेमर, त्याला प्रोप्रानोलोलसारखी गोळी लागू पडते. लिहितानाच थरथरणाऱ्या हाताचे वर्णन 1979 मध्ये वेगळे झाले. त्यात तळहात खाली वळवला की कंप सुरू होत असे. आखडणाऱ्या हातासाठी बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन नेमक्या स्नायूत देतात. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत ते मिळालेल्या 20 पैकी 14 जणांना उपचार पुढे चालू ठेवावासा वाटला, औषध नसलेले इंजेक्शन मिळालेल्या 19 पैकी 6 जणांना. काही महिन्यांनी सुई पुन्हा घ्यावी लागते आणि बोटे थोडी ढिली पडतात. त्याच्या जोडीला जाड पेन, सैल पकड आणि खांद्यापासून लिहिण्याचा सराव देतात. वोल्फ आणि गॉवर्स यांचेच धडे.